परदेशातून परतताना मुलांची माध्यमिक शाळा: आधी इयत्ता, मग बोर्ड, शाळेचं नाव शेवटी

परत यायचं नक्की झालं की पहिल्याच फोनवर नातेवाईक शाळांची नावं सांगायला लागतात. कुणाच्या सोसायटीतली सगळी मुलं एकाच शाळेत जातात, तर कुणाच्या भाचीला दहावीला ९७ टक्के पडलेले असतात. ही नावं लिहून ठेवा, पण त्यांच्या मागे लगेच लागू नका. मूल पाचवी-सहावीच्या पुढे गेलेलं असेल, तर ते कोणत्या इयत्तेत भारतातल्या वर्गात बसणार आहे, हा प्रश्न शाळेच्या नावापेक्षा मोठा असतो. त्याचं उत्तर चुकलं तर चांगली शाळाही फारसं काही करू शकत नाही.

आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला आलो तेव्हा मुलगी सातवी संपवून आली होती. पुढे ओळखीतली बरीच कुटुंबं अमेरिकेतून, इंग्लंडमधून, दुबईतून परतली. त्यांच्यासोबत मीही शाळांमध्ये गेले, कागद जमवले. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं पुणे-मुंबईची आहेत, कारण मला तीच जवळून माहीत आहेत.

१. परतीचं वर्ष इयत्तेवरून ठरवा

सीबीएसई असो की आयसीएसई, दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीत होते. सीबीएसईचा नियम तर स्पष्ट आहे: दहावीत प्रवेश साधारणपणे त्यालाच, ज्याने नववी सीबीएसईच्या शाळेतून पूर्ण केली आहे. अकरावी आणि बारावीचंही तसंच. म्हणजे परदेशातल्या शाळेत नववी करून मूल थेट दहावीत बसवायचा बेत असेल, तर ते दार जवळजवळ बंद आहे. "आमची ओळख आहे, करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्या शाळेपासून लांब राहा. परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी अडकतं ते मूल, ओळखवाला नाही.

माझं मत असं:

- आठवीच्या सुरुवातीला किंवा त्याआधी आलात तर सगळ्यात सोपं. भाषा, गणित आणि मित्र, तिन्ही जमायला बोर्डाच्या आधी दोन वर्षं मिळतात.
- नववीच्या सुरुवातीला आलात तर जमतं, पण पहिल्या दिवसापासून अभ्यासाची घाई असते.
- नववीच्या मध्यात किंवा दहावीत येणं शक्यतो टाळा. नोकरीमुळे यावंच लागलं तर मूल पुन्हा नववीत बसवा. एक वर्ष गेलं म्हणून घरचे हळहळतात, पण अशी मुलं वर्षभरात स्थिरावलेली मी पाहिली आहेत.
- तिथे नववी झालेली असेल आणि दहावीच्या तोडीची परीक्षा देणं शक्य असेल, तर ती देऊन अकरावीला या.

शेवटच्या पर्यायात तारखांचा एक सापळा आहे. इंग्लंडच्या जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतो. तोवर महाराष्ट्रातल्या ऑनलाइन अकरावी प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या बहुतेक उरकलेल्या असतात आणि उरलेल्या जागांमधून निवडावं लागतं. शिवाय भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमानुसार जीसीएसई किंवा आयजीसीएसई (तिचंच आंतरराष्ट्रीय रूप) दहावीसमान धरायला इंग्रजीसह किमान पाच विषयांत ए-स्टार ते सी यांतली श्रेणी लागते. मूल चारच विषय घेत असेल तर आजच पाचवा घ्यायला सांगा.

इयत्तांचा मेळही नीट घाला. अमेरिकेतली आठवी म्हणजे आपली आठवी. इंग्लंडमधलं 'इयर नाइन' म्हणजे मात्र आपली आठवी आणि 'इयर टेन' म्हणजे नववी. ऑस्ट्रेलिया-सिंगापूरचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तिथून येणाऱ्यांचं काही महिन्यांचं अंतर पडतंच. आखातातल्या सीबीएसई शाळांमधून येणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाही. त्यांनी बोर्ड बदलू नये, एवढंच सांगेन.

वर्षाची सुरुवात इथेही एकसारखी नाही. सीबीएसईच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्याला आणि अनेक आंतरराष्ट्रीय शाळा ऑगस्टमध्ये. अमेरिकेतली शाळा जूनमध्ये संपवून येणारं मूल सीबीएसईत आलं तर वर्ग आधीच पुढे गेलेला असतो. मधली उन्हाळी सुट्टी धरली तर ते अंतर झेपण्यासारखं आहे. पण प्रवेशाची विचारपूस आधीच्या हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीतच करून ठेवायला हवी.

२. बारावीनंतर मूल कुठे शिकणार?

तेरा वर्षांच्या मुलाला करिअर विचारून काही हाती लागत नाही, हे मान्य. पण आई-वडिलांनी दोन नियम आत्ताच माहीत करून घ्यायला हवेत, कारण नंतर ते बदलून मिळत नाहीत.

पहिला वैद्यकीय प्रवेशाचा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थांमधून झालेली असावी लागते, शिवाय अधिवासाची अट आहे. मूल परदेशात दहावी करून अकरावीला आलं तर हा रस्ता साधारणपणे बंद होतो. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत या एका मुद्द्यावर परतीचं वर्ष ठरू शकतं. अभियांत्रिकीचे नियम थोडे सैल आहेत, पालकांच्या अधिवासावरूनही पात्रता मिळण्याची सोय त्यात आहे. तरी राज्याच्या सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा कक्षाची) त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा.

दुसरा नियम ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा. शाळेच्या प्रवेशाला ओसीआय पुरतं. पण ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनंतर ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईसारख्या परीक्षांमधून अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या तारखेच्या आधी कार्ड मिळालेल्यांचे जुने हक्क कायम ठेवले. म्हणून मुलाच्या कार्डावरची तारीख बघा आणि कार्डाच्या नूतनीकरणानंतरही जुनं कार्ड आणि त्याच्या प्रती सांभाळून ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांना हा प्रश्न नाही.

मूल बारावीनंतर पुन्हा परदेशातच जाणार, हे घरात जवळजवळ ठरलेलं असेल तर आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांचा विचार करायला अर्थ आहे. भारतात राहणार असेल तर राज्य मंडळ, सीबीएसई किंवा आयसीएसई बघा. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर माझा कौल सीबीएसईला.

३. बोर्ड निवडा

*राज्य मंडळ (एसएससी).* पुण्यात मुख्यालय, राज्यभर नऊ विभागीय मंडळं. 'राज्य मंडळ म्हणजे सोपं' ही समजूत काढून टाका. दहावीला बीजगणित आणि भूमिती अशा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, विज्ञानाच्याही दोन. पुढे अभियांत्रिकीची एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्याच अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. शुल्क तुलनेने कमी, शाळा घराजवळ मिळते. घरात मराठी नीट बोललं जात असेल आणि मूल सहावी-सातवीत असेल, तर सेमी-इंग्रजी शाळाही जरूर पाहा. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. परतणारे पालक हा पर्याय बघतसुद्धा नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

*सीबीएसई.* एनसीईआरटीची पुस्तकं. नीट आणि जेईईची तयारी याच पुस्तकांवरून होते. बदली झाली तरी दुसऱ्या शहरात त्याच बोर्डाची शाळा सापडते. परदेशातून येणाऱ्यांसाठी सर्वात सोयीचं.

*आयसीएसई.* इंग्रजी साहित्य, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल सगळं भरपूर. भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या. वाचनाची आवड असलेलं मूल इथे रमतं. निवासी शाळेचा विचार असेल तर राजगुरुनगरजवळची कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री स्कूल याच बोर्डाची आहे.

*आयबी आणि केंब्रिज.* शिकवण्याची पद्धत मुलाला ओळखीची वाटते, म्हणून सुरुवात सोपी जाते. शुल्क मात्र वर्षाला काही लाखांत. सहावीत घालताना पुढच्या सहा-सात वर्षांचा हिशेब करा. आयजीसीएसई हा नववी-दहावी असा दोन वर्षांचा सलग अभ्यास आहे, मधूनच दहावीत शिरणं इथेही कठीण. आयबी डिप्लोमाचे विषय निवडताना अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला लागणारे सगळे विषय त्यात आहेत का, हे आधीच तपासा.

काहीच जमलं नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) आणि राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म आहेत. दोन्ही मान्य मार्ग आहेत. मूल आजारी असेल, खेळाडू असेल किंवा वर्षाच्या भलत्याच वेळी यावं लागलं असेल तर उपयोगी पडतात. पण नव्या देशात मित्र मिळायला वर्ग लागतो, म्हणून मी त्यांना शेवटी ठेवते.

४. तिथून निघण्याआधी जमवायचे कागद

इथे आल्यावर तिकडचा कागद मागवणं फार जड जातं. सुट्टीत शाळेचं कार्यालय बंद असतं आणि ईमेलला उत्तर यायला आठवडे लागतात. ही यादी घेऊन शाळा संपायच्या महिनाभर आधी कार्यालयात जा:

- शाळा सोडल्याचा दाखला. अमेरिकेत आपल्यासारखा दाखला नसतो, म्हणून शाळेच्या लेटरहेडवर पत्र मागा. त्यात मुलाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकलं, कोणती इयत्ता पूर्ण केली आणि पुढच्या इयत्तेत बढती मिळाली, हे सगळं हवं. खाली सही आणि शिक्का.
- गेल्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, सही-शिक्क्यासह. पोर्टलवरून काढलेली प्रत पुरत नाही.
- जन्मदाखला, पासपोर्ट, ओसीआय कार्ड. प्रत्येकाच्या पाच-सहा प्रती.
- लसीकरणाची नोंद.
- पासपोर्ट मापाचे फोटो.
- मुलाला शिकण्यात अडचण असेल तर तिथल्या तपासणीचे सगळे अहवाल.

दाखल्यावर आणि शेवटच्या गुणपत्रिकेवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात आहे, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून आला. यूएई, कतार, कुवेत इथून मात्र तिथलं परराष्ट्र खातं आणि भारतीय दूतावास असा साक्षांकनाचा मार्ग आहे. प्रत्येक शाळा हे मागेलच असं नाही, पण नववीच्या पुढे मागण्याची शक्यता मोठी.

आधार कार्डाबद्दल: भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला आल्या आल्या अर्ज करता येतो. ओसीआय असेल तर गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. शाळा सरकारी पोर्टलवर नोंद करण्यासाठी आधार मागतात. पण आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं आहे. 'अर्ज करू शकत नाही, अमुक तारखेनंतर करू' असं लेखी दिलं की बहुतेक ठिकाणी काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नाव. प्रवेशाच्या दिवशी कारकून जनरल रजिस्टर उघडतो आणि आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव अशा रकान्यांत लिहायला लागतो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर अनेकदा वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून नसतं. इथे आपोआप ते जोडलं जातं. मग पासपोर्टवर एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं. हेच रजिस्टरमधलं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर छापलं जातं आणि नंतर बदलायला बोर्डाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. म्हणून पासपोर्टची प्रत टेबलावर उघडी ठेवा, कारकुनासमोर प्रत्येक अक्षर वाचून घ्या आणि नोंद झालेल्या पानाचा फोटो मागा. नववीत बोर्डाची नोंदणी होताना पुन्हा एकदा तपासा.

५. शाळा खरी आहे का, ते बघा

'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसई नव्हे. फलकावर मोठ्या अक्षरांत बोर्डाचं नाव आणि प्रत्यक्षात मान्यता आठवीपर्यंतचीच, अशा शाळा आहेत. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्या बघा. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) विचारा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. सीबीएसई असेल तर संलग्नता क्रमांक घेऊन बोर्डाच्या संकेतस्थळावर शोधा आणि संलग्नता दहावीपर्यंत आहे की बारावीपर्यंत, कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

६. शाळा बघायला जाताना

पोहण्याचा तलाव आणि वातानुकूलित वर्ग बघून झाले की खालचे प्रश्न विचारा. उत्तरं देणाऱ्याचा चेहराही बघा.

- नववीच्या एका वर्गात किती मुलं आहेत?
- गणित-विज्ञानाचे शिक्षक इथे किती वर्षं आहेत? शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर ती शाळा नको.
- परदेशातून आलेली मुलं सध्या आहेत का? त्यांच्या पालकांशी बोलता येईल का?
- मराठी आणि हिंदीत मागे असलेल्या मुलासाठी काय करता?
- अकरावी-बारावी इथेच आहे का? असल्यास वर्ग शाळेत भरतात की क्लासमध्ये?

शेवटचा प्रश्न नीट विचारा. 'इंटिग्रेटेड' या नावाखाली शाळेत फक्त हजेरी आणि सगळा दिवस कोचिंग क्लासमध्ये, असा प्रकार सर्रास चालतो. सीबीएसईची ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि बोर्ड अशा शाळांवर कारवाई करतं. नव्याने आलेल्या मुलाला मैदान, स्नेहसंमेलन, डबा खाताना बसायला मित्र, यातलं काहीच तिथे मिळत नाही.

शाळा सुटायच्या वेळी एकदा फाटकाबाहेर उभे राहा. मुलं कशी बाहेर पडतात, शिक्षक त्यांच्याशी कसं बोलतात, हे माहितीपत्रकात नसतं. आणि बसचा प्रवास सकाळच्या गर्दीत स्वतः गाडीने करून बघा. वाकड-हिंजवडी किंवा घोडबंदर रोडवर नकाशावरचे आठ किलोमीटर म्हणजे एक तास होऊ शकतो. बसमध्ये मदतनीस असतो का, हेही विचारा. मुली असतील तर महिला मदतनीस असणं राज्याच्या स्कूल बस नियमांत बंधनकारक आहे.

७. मराठी, हिंदी आणि गणित

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. त्यामुळे सीबीएसई किंवा आयबीत घातलं म्हणून मराठी सुटणार नाही. सुटावी असं मला वाटतही नाही. परदेशात रविवारच्या मराठी शाळेत गेलेल्या मुलांना अक्षरओळख असते. त्यांची अडचण वेगाची असते. निघायच्या सहा महिने आधीपासून रोज एक पान वाचून घ्या आणि पाच ओळी लिहून घ्या, जोडाक्षरांसकट. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. दोन इयत्ता खालच्या पुस्तकापासून सुरू करा.

दुसऱ्या-तिसऱ्या भाषेला शाळा कोणते पर्याय देते, ते लेखी घ्या. हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन यांपैकी काय मिळेल ते शाळेगणिक बदलतं. आठवीत शून्यापासून संस्कृत सुरू करणारी बरीच मुलं वर्गाच्या बरोबरीने चालतात, कारण ती भाषा सगळ्यांनाच नवी असते.

गणिताचा धक्का मात्र मोठा. अमेरिकेत एका वर्षी बीजगणित, दुसऱ्या वर्षी भूमिती असं चालतं. इथे दहावीच्या एकाच वर्षात वर्गसमीकरणं, त्रिकोणमिती, समरूप त्रिकोणांच्या सिद्धता आणि अंकगणिती श्रेढी. माझ्या मुलीला उत्तर यायचं, पण 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' अशी मांडणी करून पायरी-पायरीने लिहायची सवय नव्हती आणि पायऱ्यांनाच गुण असतात. दुसरी गोष्ट हाताची. लॅपटॉपवर लिहिणाऱ्या मुलाला ८० गुणांचा पेपर तीन तास पेनाने लिहिताना तासाभरात बोटं दुखायला लागतात. रोज अर्धा तास शाईच्या किंवा जेल पेनाने लिहायचा सराव आधीच सुरू करा. क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या सहामाहीत याचाच फरक दिसतो.

शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी: परदेशातले अहवाल इथल्या बोर्डाच्या सवलतींना थेट चालत नाहीत. जास्तीचा वेळ, लेखनिक, विषयातली सूट यासाठी अधिकृत सरकारी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं केंद्र जुनं आणि माहितीचं आहे. भेटीच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून नववीच्या आधीच नाव नोंदवा.

८. पैसे

डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यातही त्याला बंदी आहे. 'विकास निधी', 'ऐच्छिक देणगी' अशा नावाने मागितलं आणि पावती नाकारली तर उठून या. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावं लागतं. मंजूर शुल्काचा तक्ता मागा. शिकवणी शुल्काबरोबर बस, डबा, गणवेश, पुस्तकं, सहली असं सगळं मिळून वर्षाचा एकूण आकडा काढा. अनामत रक्कम कधी परत मिळते तेही लिहून घ्या, कारण बरीच कुटुंबं वर्षभरात घर आणि शाळा दोन्ही बदलतात.

९. घर शेवटी

शाळा पक्की होईपर्यंत घर विकत घेऊ नका, दीर्घ मुदतीचा भाडेकरारही करू नका. आधी प्रवेश, मग शाळेपासून बसने अर्ध्या तासाच्या आत घर. शाळेच्या आसपासच्या सोसायटीत राहिलात तर बसला सोबत असलेली मुलंच संध्याकाळी खाली खेळायला भेटतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत याचा आधार मोठा असतो.

प्रवेश झाल्यावर वर्गशिक्षकांना भेटून एकच विनंती करा: मुलाच्या उच्चारांवरून किंवा मराठीवरून वर्गात कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. बहुतेक शिक्षक हे मनापासून करतात, त्यांना फक्त आधी सांगून ठेवावं लागतं. पहिल्या घटक चाचणीचे गुण घरात चर्चेला घेऊ नका. सहामाहीचे घ्या आणि तेव्हाही शिक्षकांसोबत बसून.